यावेळी थोडक्यात लिहिते

परवा सकाळी दार उघडलं आणि कॉरिडॉरमध्ये पुन्हा तो वास. ओली लाकडं चुलीत कोंबून कोणीतरी निघून गेल्यासारखा. समोरचा ब्लॉक पुसट झालेला, खालच्या घसरगुंडीचा लाल रंग तेवढा कसाबसा दिसत होता. तिकडे सुमात्रात रानं पेटवतात, वारा तो धूर समुद्रावरून आमच्याकडे आणून टाकतो आणि मग आठवडेच्या आठवडे अख्खं सिंगापूर खोकत बसतं. इथे याला ‘हेझ’ म्हणतात. शाळेत आम्ही तीन ऋतू पाठ केले होते. हा चौथा मला तोआ पायोहला राहायला आल्यावर कळला.

“आई, क्लोज द विंडो लाह! आय कान्ट ब्रीद!” आतून सई ओरडली. सई माझी लेक, वय वर्षं बारा. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इथल्या ‘लाह’वाल्या इंग्रजीत.

खिडकी लावायला गेले आणि तिथेच उभी राहिले. या धुराने लोकांचा घसा खवखवतो, मला अपराधी वाटायला लागतं. मला सिंगापूर आठवतच नाही यात. आठवतं ते अमेरिकेतलं एक गाव, जिथे मी कधी पाऊल टाकलेलं नाही, आणि तिथली लोरेटा नावाची एक म्हातारी. तिचं एक काम होतं, बेचाळीस वर्षं चालवलेलं. ते माझ्यामुळे गेलं. हे मी माझ्या नवऱ्याला, मिलिंदला सोडून आजवर कोणाला सांगितलेलं नाही. सांगायला तोंड कुठे आहे?

तीन वर्षांपूर्वी याच धुराच्या दिवसांत मी तांजोंग पगारच्या एका ऑफिसात होते. माझं काम ऐकलं की लोकांना आधी खरं वाटायचं नाही आणि मग हसू यायचं. अमेरिकेतल्या लहान लहान गावांच्या पेपरांची पानं आम्ही सिंगापुरात बसून लावायचो. बातम्या, जाहिराती, फोटो तिकडून यायचे. इथे आम्ही ते तपासायचो, कापायचो, चौकटीत बसवायचो आणि पान परत पाठवायचो. तिकडे संध्याकाळ व्हायची तेव्हा इकडे दुसऱ्या दिवशीची सकाळ. म्हणून आमची पाळी पहाटे सहाला सुरू. पहिली एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, पकडायची, रॅफल्स प्लेसला गाडी बदलायची आणि तोंडाला मास्क लावून धुरातून ऑफिस गाठायचं. बाहेर श्वास घ्यायची पंचाईत आणि पडद्यावर मात्र लिहिलेलं असायचं: ‘काल पहिलं दव गोठलं. भोपळे काढून घ्यावेत.’

माझ्याकडे गावकीचं पान होतं. जन्म, लग्नं, मृत्यू, चर्चमधली जेवणं, शाळेचे सामने, हरवलेली कुत्री. आधी हे पान त्या गावातलीच कोणी बाई लावायची. तिचं काम आमच्याकडे आलं म्हणजे तिचं गेलं, हे न कळण्याइतकी मी खुळी नव्हते. पण तिचं नाव मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. माणसाला काही गोष्टी न विचारता बऱ्या वाटतात.

त्या पानात सगळ्यात खाली एक सदर असायचं, ‘वॉलनट रोडकडची खबर’. गावाबाहेर पाच-सात मैलांवर शेतांमधून जाणारा तो एक रस्ता, त्याच्या कडेने घरं. तिथली खबर लोरेटा लिहायची. हाताने, निळ्या शाईने, आखीव कागदावर. तो कागद ती पेपरच्या ऑफिसात पोचवायची, तिकडचं ऑफिस तो स्कॅन करून आमच्या कॉम्प्युटरवरच्या ट्रेमध्ये ढकलायचं, आणि मी टाइप करायची. पहिल्यांदा ते सदर हातात आलं तेव्हा मला वाटलं, कोणीतरी चेष्टा करतंय. त्यात बातमी म्हणावी असं काहीच नव्हतं!

‘रविवारी हॅरल्ड आणि एडना यांच्याकडे एडनाची बहीण जेवायला होती. ॲपल पाय केला होता. नंतर सगळे नदीकडे पानांचे रंग पाहायला गेले.’ ‘रे यांची गाय सापडली.’ ‘बेटीचा गुडघा बरा आहे. जिना चढते, पण उतरताना कोणीतरी लागतं.’ बस्स. कोण कोणाकडे आलं, काय खाल्लं, कोणाचं काय दुखतंय. मी शेजारच्या टेबलावरच्या शूलिनला वाचून दाखवलं आणि आम्ही दोघी पोट धरधरून हसलो. “हू केअर्स अबाउट द काऊ लाह,” ती म्हणाली. खरंच, गायीचं कोणाला काय पडलंय!

पण पुढच्या आठवड्यात कागद आला तेव्हा मी आधी पाहिलं ते बेटीचा गुडघा. मग पाहिलं, एडनाची बहीण परत आली का. सवय कशी लागते बघा. महिन्याभरात माझं असं झालं की ट्रेमध्ये ती निळी शाई दिसली की मी कॉफी घेऊन बसायची, एकदा नुसतं वाचायची आणि मग टाइप करायला घ्यायची. घरी आल्यावर जेवताना मिलिंदला सांगायची, “अरे, रेने नवीन कुंपण घातलं.” मिलिंद जहाजदुरुस्तीच्या यार्डात इंजिनिअर, दिवसभर ग्रीसमध्ये बरबटलेला. तो म्हणायचा, “अगं, तू तो पेपर लावतेस का त्यांच्या ओसरीवर जाऊन बसतेस?”

खरं सांगायचं तर बसतच होते. मला साताऱ्याची आमची गल्ली आठवायची. तिथेही रविवारी दुपारी कोणीतरी यायचंच, न कळवता, न विचारता. आई पोळ्यांच्या कणकेत मूठभर पीठ जास्तच मळायची. इथे सिंगापुरात आम्हा मराठी लोकांची आमंत्रणं दोन आठवडे आधी ईमेलने जायची. कोणाचं कॉन्डो, कोणाचा फ्लॅट, कोण काय आणणार, मुलांना शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का. छान व्हायचं सगळं. पण कोणी येता येता सहज डोकावलं, असं मला नऊ वर्षांत आठवत नाही. आणि मीही कोणाकडे डोकावले नाही. दुसऱ्यांना कशाला नावं ठेवू?

दोन वर्षं ते पान लावता लावता मला त्या गावाचं बदलणं दिसायला लागलं. एकदम नाही. सुटं सुटं, चौकटीचौकटीतून. गावातली शाळा आणि शेजारगावची शाळा एक झाली. वर्षानुवर्षं एकमेकांना खुन्नस देणाऱ्या दोन फुटबॉल टीमचा एकच फोटो आला आणि त्यातली मुलं दोन घोळक्यांत उभी होती. दोन चर्चमध्ये मिळून एकच पाद्री उरला. एक रविवार इकडे, एक रविवार तिकडे. हायवेवर मोठं दुकान आलं आणि मेन रोडवरच्या हार्डवेअरच्या दुकानाची जाहिरात मीच लावली: सगळं विकणे आहे, शेल्फसुद्धा. कोंबड्यांच्या कारखान्यात कामाला मेक्सिकोकडची कुटुंबं आली, बारशांच्या यादीत नवी नावं यायला लागली. कोणीतरी संपादकाला रागारागाचं पत्र लिहिलं की आपलं गाव आपलं राहिलं नाही. आणि त्याच अंकात लोरेटाने लिहिलं होतं: ‘चर्चच्या जेवणाला मार्टिनेझ कुटुंबाने मक्याच्या पानात उकडलेला एक पदार्थ आणला. सगळ्यात आधी तोच संपला. कृती मागून घेतली आहे.’ त्या पत्राला याहून चांगलं उत्तर मला तरी सुचलं नसतं.

पण लोरेटाचा कागदही हळूहळू बदलत होता. हायवेवरचं दुकान रविवारीही उघडं असायचं, आणि वॉलनट रोडच्या सुना-मुली तिथे कामाला लागल्या होत्या. मुलं शहरांत गेली ती सणालाच उगवायची. आधी पान भरून पाहुणे असायचे, मग अर्धं पान. ‘एडना रविवारी घरीच होती.’ ‘बेटीचा मुलगा येणार होता, पण त्याला काम निघालं.’ एकदा तर नुसतं, ‘या रविवारी रस्त्यावर फार गाड्या दिसल्या नाहीत.’ हे वाक्य मी टाइप केलं आणि खिडकीकडे पाहिलं. बाहेर धुरात समोरची दुकानघरं दिसत नव्हती आणि मला त्या रस्त्यावर न आलेल्या गाड्या दिसत होत्या.

आता माझ्या चुकीकडे येते.

ऑफिसात टाइमशीट भरायला लागायची. पंधरा पंधरा मिनिटांच्या चौकटी. कुठल्या मजकुराला किती वेळ लागला ते लिहायचं. सगळे अंदाजपंचे लिहायचे. शूलिन तर सगळ्यालाच पंधरा मिनिटं लिहून मोकळी व्हायची. मी मात्र शाळामास्तरांची मुलगी. कागदावर खोटं उतरवायचं नाही हे आमच्या हाडीमाशी खिळलेलं. लोरेटाच्या सदराला मला तास, कधी सव्वा तास लागायचा आणि मी तो तास-सव्वा तास इमानदारीत लिहायची. वरून त्याचा मला अभिमान! “यू सो ऑनेस्ट फॉर व्हॉट,” शूलिन म्हणायची. मी तिच्याकडे जरा वरूनच बघायची.

आणि त्या चौकटीपुढे अजून एक चौकट होती: जास्त वेळ लागल्यास कारण. तिथे मी काय लिहिलं? ‘मजकूर हस्तलिखित. अक्षर लागत नाही.’ दर आठवड्याला तेच. धादांत खोटं! लोरेटाचं अक्षर मला पहिल्या महिन्यातच लागायला लागलं होतं. वेळ लागायचा कारण मी ते दोनदा वाचायची, कॉफी पीत वाचायची, मला ते आवडायचं म्हणून. पण ‘आवडतं’ असं ऑफिसच्या कागदावर कसं लिहायचं? लाज वाटली. वेळ खरा लिहिला आणि कारण खोटं, आणि या दोन्हींच्या मध्ये त्या बाईचा जीव अडकला.

सप्टेंबरच्या शेवटी धूर सगळ्यात वाईट होता. ऑफिसचा एसीसुद्धा जळका वास ओढत होता. आमचा टीम लीडर केल्विन मीटिंगमध्ये एक तक्ता घेऊन आला. सज्जन माणूस, कधी आवाज चढवला नाही. गावकीच्या पानावर कशाला किती वेळ जातो त्याचे रंगीत पट्टे होते आणि त्यात एक पट्टा सगळ्यांच्या वर डोकं काढून उभा होता. “हे एक सदर मृत्यूच्या सगळ्या नोंदींपेक्षा जास्त वेळ खातं,” केल्विन म्हणाला. “तिकडच्या संपादकाला कळवलं. ते म्हणाले, बंद करा. पुढच्या आठवड्यापासून त्या जागी कोडं टाकायचं.” मग माझ्याकडे बघून हसून म्हणाला, “गुड न्यूज फॉर यू. तुझा त्रास गेला.”

त्या क्षणी बोलायला हवं होतं. एवढंच म्हणायचं होतं की त्रास नव्हता हो, मीच रमायची, उद्यापासून वीस मिनिटांत करून देते. एक वाक्य. पण ते म्हणायचं तर दोन वर्षांची ती चौकट खोटी होती हे कबूल करावं लागलं असतं, सगळ्यांसमोर, शूलिनसमोर. मी मान हलवली. ‘थँक यू’ म्हणाले. थँक यू! अजूनही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मिलिंद समजूत घालायचा, “अगं, ते तसंही बंदच पडणार होतं. तू नसतीस तर दुसऱ्या कोणाच्या तक्त्यात सापडलं असतं.” असेल. हायवेवरचं दुकानही असंच म्हणत असेल आणि कोंबड्यांचा कारखानाही. प्रत्येक जण एकच वीट काढतो आणि म्हणतो, भिंत माझ्यामुळे नाही पडली.

आठवड्याने पान लागलं, खाली कोडं. आणि ट्रेमध्ये लोरेटाचा कागद नेहमीसारखा आलेलाच. तिला कोणी सांगितलंच नव्हतं! तिकडच्यांना वाटलं सिंगापूरचे कळवतील, आम्हाला वाटलं तिकडचे कळवतील. कागद ट्रेमध्ये येत राहिला कारण तो कोणी थांबवला नव्हता. पुढच्या आठवड्याच्या कागदावर समासात तिने बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘गेल्या वेळी जागा नव्हती असं दिसतं. यावेळी थोडक्यात लिहिते.’

त्याच्या पुढच्या आठवड्यात पाव पान. समासात, ‘फुटबॉलचे दिवस आहेत, जागेची अडचण समजते. आणखी थोडक्यात लिहिलं आहे.’ त्याच्या पुढच्या आठवड्यात चार ओळी. ॲपल पाय गेला, गुडघा गेला, नुसती नावं राहिली. एवढ्या कमी जागेत आपण बसू शकतो, हे ती बाई दाखवत होती. कोणाला? मला. कारण तो कागद वाचणारी पृथ्वीच्या पाठीवर मी एकटी होते.

त्याच रविवारी मी आईला साताऱ्याला फोन केला. कार्डावरचे फोन ते, मिनिटं मोजून. आधी आई सुरू व्हायची की देशपांडेवहिनी आल्या होत्या, कुरडया घेऊन आल्या, त्यांच्या नातीचं जमलं, आणि मी म्हणायची, “आई, कार्ड संपतंय, महत्त्वाचं काय ते सांग.” त्या दिवशी आई म्हणाली, “बरी आहे. औषध चालू आहे. पाऊस गेला. बाकी काही विशेष नाही.” अर्ध्या मिनिटात संपलं. मी म्हटलं, “अगं, एवढंच?” तर म्हणाली, “तुझा वेळ जातो ना, म्हणून मी आता मुद्द्याचंच बोलते.” हिलासुद्धा मीच शिकवलं होतं थोडक्यात बोलायला.

दुसऱ्या दिवशी सोमवार, माझी सुट्टी. मिलिंद सईला स्कूलबसपर्यंत सोडून तसाच यार्डात गेला. मी दारं-खिडक्या लावून घेतल्या आणि नंबर फिरवला. तो लोरेटाच्या कागदावर वरच असायचा. आमच्याकडे सकाळचे सात, तिकडे रविवारची संध्याकाळ. ठरवलं होतं, दोनच गोष्टी सांगायच्या: सदर बंद झालंय, आणि ते माझ्यामुळे.

“हॅलो, बेटी का? तुलाच करणार होते आता,” पलीकडून खणखणीत आवाज. म्हातारीचा आवाज असा असेल असं वाटलं नव्हतं.

“नाही, बेटी नाही. मी सिंगापूरहून बोलतेय. तुमचं सदर मी टाइप करते. पेपरसाठी.”

“कुठून?” मी परत सांगितलं. मग ती जोरात हसली. “म्हणजे माझं अक्षर तुला वाचावं लागतं होय? अरेरे, बिचारी!”

“नाही हो. छान लागतं तुमचं अक्षर,” मी म्हटलं. जे दोन वर्षं चौकटीत लिहायला हवं होतं ते.

“थांब, उन्हाळ्यात बेटीच्या सुनेचं नाव मी चुकीचं लिहिलं होतं. छापून आलं ते बरोबर. तूच सुधारलंस का?” मी हो म्हटलं. आधीच्या आठवड्याच्या कागदावर बरोबर होतं ते, म्हणून लक्षात आलं होतं. “तेव्हाच मी म्हटलं,” लोरेटा म्हणाली, “तिकडे कोणीतरी खरोखर वाचतंय.”

मी म्हटलं, “लोरेटा, मी सदराबद्दलच बोलायला...” आणि ती मध्येच म्हणाली, “जागेचं ना? कळतं मला. हिवाळ्यात होते जागा. दरवर्षी होते. मी आपली लिहीत राहते, सवय मोडायला नको.”

मग ती बोलत राहिली आणि मी ऐकत राहिले. रविवारी संध्याकाळी ती फोन घेऊन बसते. रस्त्यावरच्या एकेका घराला फोन करते आणि एकच विचारते, आज कोण आलं होतं? आधी सगळं करायला तीन तास लागायचे, आता तासात आटपतं. “तुला एक गुपित सांगू?” ती म्हणाली. “पेपरात काय छापून येतं ते महत्त्वाचं नाही. मी विचारणार आहे, हे त्यांना माहीत असतं. मग शनिवारी त्यांना वाटतं, उद्या लोरेटाला काय सांगायचं? आणि मग ते कोणाला तरी बोलावतात. एडना आणि तिची बहीण सहा वर्षं बोलत नव्हत्या. एडनाने तिला जेवायला का बोलावलं माहितेय? सलग तीन आठवडे ‘कोणी नाही’ सांगायची तिला लाज वाटली म्हणून.”

आत्ता माझ्या लक्षात आलं की मी काय बंद पाडलं होतं. मला वाटत होतं ती आल्या-गेल्याची नोंद आहे. तशी ती नव्हतीच. त्या सदरात नाव यायचं म्हणून ती माणसं एकमेकांकडे जात होती. आता बोलायलाच हवं होतं. मी शब्द जुळवत होते, इतक्यात तिने विचारलं.

“आणि तुझ्याकडे ग? या रविवारी तुझ्याकडे कोण आलं होतं?”

रविवारी आमच्याकडे खिडक्या बंद होत्या. मिलिंद टीव्हीसमोर, सई कॉम्प्युटरसमोर, मी पेपरासमोर. त्याच्या आधीच्या रविवारीही तेच. दाराची बेल शेवटची वाजली होती ती गॅस सिलिंडरवाल्याची. आणि मी, कागदावर खोटं न उतरवणारी मास्तरांची मुलगी, म्हणाले, “शेजारचे आले होते. जेवायला.”

“अरे वा! कोण?”

“लिम,” मी म्हटलं. एकदा पोस्टमनने चुकून त्यांचं पत्र आमच्या पेटीत टाकलं होतं, त्यावर वाचलेलं नाव.

“किती जण?”

“चौघं.” आता माझी गाडी उतारावर सुटली होती. “आई, वडील, दोन मुलं. मी पिठलं-भात केला होता. मुलांनी परत मागून घेतलं.”

“सावकाश सांग ग, मी लिहून घेते. पि-ठ-लं कसं लिहायचं?” आणि मी एकेक अक्षर सांगितलं. पलीकडे कागदावर पेन्सिल चालल्याचा आवाज येत होता. तिने माझं नाव विचारलं, वैजयंती, तेही एकेक अक्षर लिहून घेतलं. “छान रविवार गेला तुझा,” ती म्हणाली. “बरं, आता बेटी वाट बघत असेल. फोन केलास, बरं वाटलं हं.” आणि तिने फोन ठेवला. जे सांगायला फोन केला होता त्यातलं एक अक्षर मी बोलले नव्हते.

बुधवारी ट्रेमध्ये तिचा कागद होता. यावेळी पान भरून, समासात काही नाही. एडना, बेटी, रे, सगळे होते. आणि सगळ्यात शेवटी: ‘सिंगापूरच्या सौ. वैजयंती यांच्याकडे रविवारी शेजारचे लिम कुटुंबीय, चौघे, जेवायला होते. पिठलं आणि भात केला होता. मुलांनी परत मागून घेतलं.’ बेचाळीस वर्षांत त्या सदरात कोणी तिला खोटं सांगितलं असेल असं मला वाटत नाही. मी तो अख्खा कागद टाइप केला, कुठल्याही पानात न लागणारा. टाइमशीटमध्ये काही लिहिलं नाही. पुढच्या आठवड्यात ट्रेमध्ये तिचा कागद नव्हता. तिकडून कोणीतरी शेवटी तिला पत्र लिहिलं असणार. त्यात कारण काय दिलं असेल ते मला माहीत आहे. हस्तलिखित मजकूर, अक्षर लागत नाही. आणि ती म्हणाली असेल, अहो, पण सिंगापूरची ती मुलगी तर म्हणाली होती की छान लागतं.

त्या बुधवारी घरी आले आणि लिमांच्या दारासमोर थांबले. आतून लसूण परतल्याचा वास येत होता, टीव्हीवर चिनी मालिका चालू होती. बेलकडे हात नेला. म्हणणार काय होते, परवा तुम्ही आमच्याकडे जेवून गेलात? स्वतःचंच हसू आलं, आणि उद्या बघू म्हणून किल्ली काढून घरात गेले. उद्या शूलिनची सुट्टी होती म्हणून मला डबल पाळी, परवा सईची परीक्षा, आणि मग पावसाने धूर धुऊन नेला आणि तो विषय डोक्यातून गेला.

डिसेंबरात एका शनिवारी कॉरिडॉरमध्ये खोक्यांची रांग दिसली. लिम घर बदलून यिशुनला चालले होते. मी दार अर्धवट उघडून बघत होते. दोघं म्हातारे नवरा-बायको, बस्स. दोन खुर्च्या, दोन वाट्या, एक पलंग. त्या घरात मुलं नव्हतीच.